वरच्या रांगेतल्या काचा

४ ऑक्टोबर

वहिनी,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र न वाचताच फाडशील, अशी मला निम्मी खात्री आहे. फाडू नकोस. फोन केला असता, पण फोनवर आपण दोघी तिसऱ्या वाक्याला भांडायला लागतो. कागदावर निदान मध्ये तोंड घालता येत नाही.

दादाला सोडून जाताना तू मला म्हणाली होतीस, "वन्सं, एक दिवस तुमचीही पाळी येईल." आली बाई. अगदी वाजत गाजत आली.

बाबा गेले ते तुला कळलं असेलच. त्यांच्यामागे आपलं आरशांचं दुकान मीच ओढत होते. दादा गल्ल्यावर बसून गिऱ्हाइकांशी गप्पा मारायचा आणि मी मागे टेबलावर काच कापायचे, हे तू डोळ्यांनी पाहिलं आहेस. मागच्या वर्षी तो एकाएकी गोड बोलायला लागला. "धाकटे, सगळा बाजार बदलतोय. धान्याच्या गोदामात व्यायामशाळा आली, छापखान्याचा फोटो स्टुडिओ झाला. आपणच का मागे राहायचं? इमारत दुरुस्त करून घेऊ. सहा महिने कळ काढ, मग तुझं टेबल जिथल्या तिथे." आणि मी बावळट, स्वतःच्या हातांनी आरसे गोणपाटात गुंडाळून दिले त्याला.

सहा महिन्यांनी उद्घाटनाचं कार्ड आलं. पोस्टाने, वहिनी! दोन गल्ल्या पलीकडे राहते मी. जाऊन बघते तर काय, चॉकलेटचं दुकान! पिवळे दिवे, कोपऱ्यात खोटी झाडं, दर्शनी काचेत चॉकलेटांचे मनोरे. एप्रन घातलेली एक पोरगी माझ्यापुढे ताटली धरून म्हणते, "मॅडम, पहिल्यांदाच येताय का?" ज्या फरशीवर मी अर्धं आयुष्य उभी राहिले, त्या फरशीवर! आणि बाबांचं काच कापायचं टेबल मधोमध मांडून त्यावर खोके रचलेले. दादा लोकांना सांगत होता, "जुन्या दुकानाची आठवण म्हणून ठेवलंय." आठवण ठेवली, बहीण काढली.

वर आईकडे गेले. आई म्हणाली, "दुकान शेवटी मुलाचंच असतं. तुला काय कमी केलंय त्याने?" मी पाणीही न पिता खाली उतरले. त्या दिवसापासून तो जिना चढलेले नाही.

आता ऐक. दादाच्या बरोबर समोर औषधवाल्या काकूंची इमारत आहे. छत्र्यांचं दुकान बंद पडल्यापासून ओस होती. काकू म्हणाल्या, "दर्शनी बाजू तू नवी करून घे आणि खुशाल धंदा कर." करतेय. नव्या दुकानांना आरसे आणि काचा लागतातच, त्यामुळे कामाची चिंता नाही. आणि दर्शनी बाजूला मी काय लावणार आहे, सांगू? आरशासारखी चकाकणारी काच. खालपासून वरपर्यंत, रांगांनी.

दुपारचं ऊन नेमकं आमच्या बाजूला येतं. तीनच्या सुमाराला मी परांचीवर, म्हणजे बांधकामाच्या बांबूंवर चढून, हातातल्या आरशाने कवडसा पाडून पाहिला. थेट दादाच्या दर्शनी काचेवर, चॉकलेटांच्या मनोऱ्यावर. प्रत्येक काचेखाली एवढीशी पाचर मारली की सगळे कवडसे एकाच जागी जमतील. मिस्त्रीला सांगितलंय, पाचरी मी स्वतः मारणार.

मला भरपाई नको, वाटणी नको. मला तो माझ्या दारात उभा राहिलेला हवाय. गिऱ्हाईक म्हणून. "काच देतेस का?" असं म्हणत. तेवढं झालं की माझा जीव थंड होईल.

तुलाच का लिहितेय? हे सगळं ऐकून "असं करू नये गं" म्हणणार नाही असं दुसरं माणूस मला आठवेना.

धाकटी


१३ ऑक्टोबर

वन्सं,

पत्र फाडलं नाही. उभ्या उभ्या वाचलं, मग बसून वाचलं. इतक्या वर्षांत तुमच्या घरातून आलेली ही पहिली चांगली बातमी.

माझं विचारलं नाहीत तरी सांगते. इथे कपड्यांच्या एका मोठ्या दुकानात रफूचं काम करते. फाटलेलं असं सांधते की मालकालाच जागा दाखवावी लागते. खिडकीशेजारी बसते. खिडकी चांगली लांबरुंद आहे.

आता तुमच्या बंधुराजांबद्दल. तुम्हाला ते भाऊ म्हणून माहीत आहेत, मला नवरा म्हणून माहीत आहेत, तेव्हा माझं ऐका. भांडू नका. भांडण त्यांना मानवतं. खूप ओरडतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी काहीच झालं नाही अशा थाटात चहा मागतात. तुम्ही हसा. रस्त्यात दिसले की "कसं चाललंय दादा?" विचारा. हसणाऱ्या माणसापुढे त्यांची बोबडी वळते. मला हे फार उशिरा कळलं.

मिस्त्रीला काही बोलू नका. काकूंनाही नको. तुम्ही सजावट करताय, बस्स.

एक सहज विचारते. काचा इतक्या वरपर्यंत कशाला? दुकानापुरत्या ठेवा की. वरचं ऊन वर राहू द्या. उगाच खर्च.

आणि काय होईल ते सगळं लिहा. काही गाळू नका. चॉकलेट वितळताना कसं दिसतं तेसुद्धा लिहा.

तुमची (आता कोणीच नसलेली) वहिनी


२ जानेवारी

वहिनी गं वहिनी,

तू इथे हवी होतीस! तुझ्या हाताला धरून तुला पहिल्या रांगेत बसवलं असतं.

काचा लागल्या. अगदी वरपर्यंत लावल्या, तुझं ऐकलं नाही. अर्धवट ठेवल्या असत्या तर इमारत खाली लुंगी आणि वर उघडी अशी दिसली असती. पहिल्या दिवशी बाजारातली सगळी माणसं भांग पाडून गेली. पाचरी मी स्वतः मारल्या. एक काच, एक पाचर, समोर बघायचं, पुन्हा थोडी ठोकायची. मिस्त्री म्हणाला, "ताई, काचा सरळ नाहीत बसल्या." मी म्हटलं, "मला वाकड्याच आवडतात."

पहिले दोन दिवस ढग होते. देवाची बघावी तशी मी सूर्याची वाट बघत बसले. तिसऱ्या दिवशी लख्ख ऊन पडलं. तीन वाजता एकेक कवडसा रस्ता ओलांडून निघाला आणि सगळे दादाच्या काचेवर गोळा झाले. आधी नुसतं झगमगलं. एप्रनवाली पोरगी बाहेर येऊन कौतुकाने बघत होती. मग मनोऱ्याचं टोक जरा कललं. मग मधल्या चॉकलेटांना घाम फुटला. मग अख्खा मनोरा हळूच, अगदी शिस्तीत, खाली बसला. तू विचारलं होतंस ना कसं दिसतं? चिखल दिसतो, वहिनी. महागड्या पिवळ्या दिव्याखाली चिखल!

दादा धावत बाहेर आला. वर सूर्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी दारातच होते. तुझा सल्ला आठवला. म्हटलं, "कसं चाललंय दादा?" तो उलट्या पावली आत पळाला.

मग सुरू झाली पळापळ. त्याने कापडी छत लावलं. मी दोन पाचरी हलवल्या, ऊन छताखालून आत. त्याने आतून पडदा लावला, तर बाहेरून दुकान बंद असल्यासारखं दिसायला लागलं आणि गिऱ्हाईक फिरकेना. मनोरे मागच्या भिंतीशी नेले, तर रस्त्यावरून दिसेनात. नगरपालिकेचा माणूस तक्रार पाहायला आला. त्याने माझ्या काचेत स्वतःचे केस नीट केले, म्हणाला, "काच लावायला कुठे बंदी आहे?" आणि निघून गेला. हातात दादाने दिलेला चॉकलेटचा खोका होता. तोही मऊ झालेला असणार.

अजून तो स्वतः आलेला नाही. आधी एप्रनवालीला पाठवलं, मग दुरुस्ती केलेल्या ठेकेदाराला. मी दोघांनाही बसवून सरबत दिलं आणि सांगितलं, "ज्याचं दुकान आहे त्याला पाठवा." येईल गं. त्याच्या नाकाला ऊन लागलंय, आता येईलच.

माझा धंदा म्हणशील तर उसंत नाही. काचा बघायला आलेले आरसे घेऊन जातात.

धाकटी


१० जानेवारी

वन्सं,

दुकानात बसून पत्र वाचत होते. मनोरा शिस्तीत खाली बसला तिथे इतकी हसले की बाजूच्या शिंप्याने पाणी आणून दिलं. आमच्या लग्नात स्वतःचा फेटा बांधायला उशीर झाला म्हणून सगळा मांडव अडवून धरणारा माणूस हा. त्याचा चिखल झालेला ऐकून फार बरं वाटलं. देव तुमच्या पाचरींना बळ देवो.

पण मी सांगितलं होतं काचा वरपर्यंत नेऊ नका. त्या वरच्या रांगेतलं ऊन कुठे जातं? नीट बघून कळवा. लगेच कळवा.

तुमची वहिनी


५ फेब्रुवारी

वहिनी,

तू विचारलंस म्हणून नीट पाहिलं, आणि माझी मलाच शरम वाटली. इतकी वर्षं काचेत घालवली आणि हिशेब कच्चा! कवडसा पाडून पाहिला तो फक्त तीन वाजता. पुढे सूर्य खाली उतरतो तसा कवडसा वर चढतो, हे शेंबड्या पोरालाही कळतं. मला दादाच्या चॉकलेटांपुढे दुसरं काही दिसलंच नाही.

तर सांगते. चार वाजून गेले की दुकानावरचं ऊन सरकतं आणि वरच्या रांगेतलं ऊन दादाच्या पहिल्या मजल्यावर जातं. तिथे तो उंचावरचा हातभर झरोका आहे बघ, त्यातून आत. तुझीच की गं ती खोली! तू राहायचीस तीच.

आता तिथे आई असते. दुरुस्तीत दादाने आईची दुकानामागची मोठी खोली गिऱ्हाइकांना बसायला करून टाकली. गुबगुबीत खुर्च्या टाकल्यात. आणि आईला उचलून ठेवलं त्या अंधाऱ्या खोलीत. "मुलाचंच असतं" म्हणाली होती ना, मग भोग म्हणावं. असं मी आधी म्हटलं.

पण काल काकू तिला भेटून आल्या. म्हणाल्या, "अगं, तुझी आई किती खुशीत आहे! चार वाजायची वाट बघत असते. ऊन आत आलं की खुर्ची सरकवत सरकवत त्याच्या मागे जाते. चष्मा लावून पेपर वाचते. पायांवर ऊन घेते. मला म्हणाली, या खोलीत कधी ऊन येईल असं वाटलंच नव्हतं, देवाने दिलं."

देवाने! मी पाचरी मारून बोटं सोलून घेतली, आणि श्रेय देवाला. पण खरं सांगू, राग नाही आला. दुपारी आता दोन्हींकडे बघते. तीन वाजता खाली बघून हसते आणि चारनंतर वर बघत राहते. तुलाही बरं वाटेल म्हणून लिहितेय. तुझ्या खोलीत शेवटी उजेड आला.

धाकटी


११ फेब्रुवारी

वन्सं,

मला बरं वाटेल असं तुम्हाला वाटलं. कमाल आहे तुमची.

त्या खोलीत मी काय काय केलं, तुम्हाला माहीत नाही. तुम्ही दिवसभर खाली काच कापत होतात. मी वर दुसऱ्यांच्या घरचे फाटलेले कपडे आणून रफू करायचे, कारण तुमच्या बंधुराजांकडे हात पसरायचा मला कंटाळा आला होता. काळ्या कापडावर काळा दोरा, आणि तो हातभर झरोका. सकाळचं ऊन समोरची इमारत अडवायची, दुपारचं ऊन आपल्याच पाठीशी. मी सासूबाईंना म्हटलं, "झरोका जरा मोठा करून काच बसवू या का? काच तर आपल्याच दुकानात आहे." एकदाच म्हटलं असं नाही. प्रत्येक मोसमात म्हटलं. त्यांचं उत्तर ठरलेलं, "सुनेला उजेड कशाला? रस्ता बघायला?"

मग मी दिवसा दिवा लावून बसायला लागले. तर त्या जिना चढून यायच्या, एक शब्द न बोलता बटण बंद करायच्या आणि खाली जायच्या. मी पुन्हा लावायचे. त्या पुन्हा यायच्या. गुडघे दुखायचे त्यांचे, तरी यायच्या. डोळ्यांच्या डॉक्टरने मला विचारलं, "तुम्ही अंधारात काम करता का?" काय सांगणार होते?

लोक म्हणतात मी नवरा सोडला. नवरा सोसला असता हो. मी ती खोली सोडली.

म्हणून म्हणत होते काचा वर नेऊ नका. त्यांना त्या खोलीत टाकलंय, हे मला आधीच कळलं होतं. तुमच्या एका शेजारणीने कळवलं होतं. ते वाचून मी त्या दिवशी इथे सगळ्यांना पेढ्यांसारखे बत्तासे वाटले आणि कारण सांगितलं नाही. मनात म्हटलं, आता बसा. आता कळेल. आणि तुम्ही, वन्सं, तुम्ही रस्त्यापलीकडून त्यांच्या मांडीवर ऊन नेऊन ठेवलंत! आणि वर मला लिहिताय, तुलाही बरं वाटेल!

तुमचा सूड तुमच्या भावावर आहे. तो खुशाल घ्या. माझा सूड आपोआप झाला होता, तो तुम्ही मोडलात. वरची रांग झाका. खालच्या काचा राहू द्या, त्यांच्याशी माझं भांडण नाही. वरची रांग झाकणार नसाल तर पुन्हा पत्र लिहू नका. मी खरंच फाडेन.

वहिनी


२६ फेब्रुवारी

वहिनी,

हे फाडू नकोस. आधी शेवटपर्यंत वाच.

दादा आला. परवा, भर दुपारी, सगळा बाजार जागा असताना. रस्ता ओलांडून माझ्या दारात उभा राहिला. दारातली पायरी चढेना. मी म्हटलं, "या, काय दाखवू?" तो इकडेतिकडे बघत पुटपुटला, "ऊन अडवणारी काच असते ना एक. दर्शनी बाजूला लावायला. देतेस का?" आजूबाजूची तीन दुकानं कान टवकारून ऐकत होती. मी म्हटलं, "मोठ्याने बोल दादा, इकडे मशीन चालू आहे." मशीन बंद होतं. त्याने मोठ्याने विचारलं. वहिनी, इतके महिने ज्यासाठी दात ओठ खाल्ले तो क्षण आला आणि मला फक्त एवढंच सुचलं, "माप घ्यायला उद्या येते."

काल गेले. मीटरपट्टी घेऊन, त्याच्या दुकानात, आपल्या दुकानात. सगळ्या गिऱ्हाइकांदेखत त्याला पट्टीचं दुसरं टोक धरायला लावलं. तो पूर्वी गल्ल्यावरून उठायचा नाही. काल गुडघ्यावर बसून पट्टी धरून होता, आणि मी "अजून खाली, अजून खाली" म्हणत होते. काच देईन त्याला. उत्तम देईन, नावाला बट्टा नको. पण बाबांचं टेबल घेऊन आले बदल्यात. खोके उतरवून त्यानेच पोचवलं.

आता दुसरं. माप चालू असताना वरून आईची हाक आली. "धाकटे, तू आली आहेस ना? वर ये." गेले वर. चार वाजून गेले होते. वहिनी, त्या खोलीत ऊन होतं. आई बरोबर त्याच्यात बसली होती. मला बघून म्हणाली, "दादाला काय द्यायचं ते दे, पण वरच्या काचांना हात लावू नकोस हं. माझी तेवढीच करमणूक." म्हणजे तिला सगळं ठाऊक होतं. देवाचं नाव काकूंपुरतं.

तुझं पत्र माझ्या पर्समध्ये होतं. मी विचारलं, "आई, वहिनीने इथे खिडकी मागितली होती का?"

आई म्हणाली, "मागितली असेल. सुनांना रोज काहीतरी हवंच असतं."

"तू दिवसा तिचा दिवा बंद करायचीस?"

"बिल काय कमी यायचं? आणि तिला कशाला हवा होता एवढा उजेड?" असं म्हणताना तिने खुर्ची थोडी पुढे ओढली. ऊन सरकलं होतं म्हणून. विचार करून नाही गं, सवयीने. मला ते पाहवलं नाही. तिला वाईट वाटलं असतं, ती गप्प बसली असती, रडली असती, तरी मी विरघळले असते. ती उन्हात पाय पसरून मला विचारत होती की तुला उजेड कशाला हवा होता!

मी म्हटलं, "आई, या काचा आता माझ्या नाहीत. वरची रांग वहिनीची आहे. ती हो म्हणेपर्यंत ऊन बंद."

आज सकाळी शिडी लावून वरच्या रांगेला मी खाकी कागद चिकटवला. मिस्त्रीने चिकटवू का विचारलं, म्हटलं नको. चार वाजता समोर बघितलं. झरोका काळा होता. दुकानात काम होतं, पण हात चालेना. मी माझ्या आईला अंधारात बसवलंय, वहिनी, आणि मला अजूनही वाटतंय की बरोबर केलं. हे तुला सांगायलाच हवं होतं.

धाकटी


८ मार्च

सूनबाई,

या नावाने हाक मारायचा हक्क मला राहिला नाही असं धाकटी म्हणते. मग काय म्हणू? दुसरं नाव मला येत नाही.

धाकटी सांगते, तुझ्या परवानगीशिवाय कागद निघणार नाही. तिला रागावून पाहिलं, काकूंना मध्ये घातलं. ऐकत नाही. मुलाला सांगितलं तर तो म्हणाला, "आई, माझ्या दुकानाला त्या उन्हाचा त्रासच होता, तू दिवा लाव." दिवा लावला. दुपारी तो वर आला आणि जाताना बटण बंद करून गेला. मी हाक मारली नाही.

तू मागितलं होतंस. मी नाही म्हटलं होतं. विसरले असते तर बरं झालं असतं, पण सगळं आठवतंय. माझ्या सासूने मला त्याच खोलीत ठेवलं होतं. मी काही मागितलं नव्हतं. तू मागितलंस याचाच मला राग आला. एवढंच कारण. याहून मोठं काही नाही.

मी तुझ्या पाया पडणार नाही. वय झालंय माझं आणि स्वभाव तो आहेच. पण कागद काढायला सांग. विचारतेय मी.

तुझी सासू, जिची तू आता सून नाहीस


१५ मार्च

वन्सं,

तुमच्या आईचं पत्र मिळालं. अक्षर ओळींच्या बाहेर गेलंय, अंधारात लिहिलेलं दिसतं. पाकीट माझ्या टेबलावर आहे आणि खिडकीतून त्याच्यावर ऊन येतंय.

खोटं बोलणार नाही. तुम्ही कागद लावल्याचं वाचलं तेव्हा मला आनंद झाला. गाढ झोप लागली. नंतर त्यांच्या पत्रातल्या दिवा बंद केल्याच्या ओळीवर आले. तुमच्या बंधुराजांनी बटण बंद केलं आणि त्यांनी हाक मारली नाही. मी रफू बाजूला ठेवलं. मला तो आवाज माहीत आहे, बटणाचा. त्यानंतर खोलीत काय होतं तेही माहीत आहे. जगात हे दोनच बायकांना माहीत असेल, आणि दुसरी त्या असाव्यात, हे मला अजिबात नको होतं.

मी त्यांना माफ केलेलं नाही. हे त्यांना नीट सांगा, गोड करून सांगू नका. माझे डोळे परत येणार नाहीत. त्या पाया पडणार नाहीत म्हणतात, पडूच नयेत. मला काय करायचंय त्यांचं डोकं पायांवर घेऊन?

कागद काढा.

पण हे ऊन देवाचं नाही, तुमचं नाही, तुमच्या पाचरींचंही नाही. ते माझं आहे, मी देतेय. त्यांनी ते माझ्याकडून घ्यायचं. काकूंना रोज चारनंतर वर जायला सांगा. त्यांनी रोज विचारायचं, "काय हो, कुठून आला एवढा उजेड?" आणि सासूबाईंनी उत्तर द्यायचं, "सुनेने दिला." पुटपुटून नाही. तुमच्या भावाला खाली ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने. चेष्टेवारी नेलं, टाळलं, देवाचं नाव घेतलं, तर दुसऱ्या दिवशी शिडी लावा आणि कागद पुन्हा चिकटवा. मला विचारायचीही गरज नाही, तुम्हाला माझी शपथ आहे.

क्षमा वगैरे एकदा मागून माणसं मोकळी होतात. त्यांना मोकळं करायची माझी तयारी नाही. त्यांनी रोज माझ्या उन्हात बसावं, पाय शेकावेत, पेपर वाचावा आणि जिवंत आहेत तोवर रोज एकदा कबूल करावं की हे मी दिलंय.

वहिनी